पहिली खूण

“बाई, माझ्या चहात कायतरी घालतात,” सारिका म्हणाली.

शनिवारचा वर्ग होता. आम्ही अकरा-बारा जण गोल करून बसलो होतो. खालच्या मजल्यावर कापडाच्या मागांचा खडखडाट चालू होता, त्यामुळं सारिकाला ते दोनदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा ती जोरात म्हणाली. मी खडू ठेवला आणि वर्गाला विचारलं, “कितवी खूण?”

“पहिलीऽऽ!” अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

मी फायलीतून तिचा कागद काढला आणि तिच्या हातात दिला. “वाच.”

तिनं वाचलं. “एक. घरच्यांवर संशय येतो. दोन. झोप उडते. तीन. मोठ्यानं बोलते. चार…”

“पुरे. अक्षर कुणाचं?”

“माझंच की.”

“मग आता काय करायचं?”

“कुणाला तरी सांगायचं.”

“सांगितलंस. शाब्बास! टाळ्या वाजवा रे.”

टाळ्या वाजल्या. सारिका हसली नाही. कागदाची घडी घालत तिनं विचारलं, “मग बाई, चहा मी प्यायचा का?”

“प्यायचा. बिनधास्त प्यायचा,” मी म्हणाले.

सात वर्षं झाली त्याला. आधीच सांगून टाकते, मी तापट बाई आहे. आजारामुळं नव्हे, जन्मतःच. माझं नाव सुनंदा मगदूम. पूर्वी मी बालवाडीत शिकवत होते. मग मनाचा आजार झाला, दोनदा दवाखान्यात राहून आले, नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. पुढं बरी झाले. इचलकरंजीत एका संस्थेनं आजारातून उठलेल्या माणसांसाठी शाळा काढली होती, तिथं आधी विद्यार्थी म्हणून गेले आणि दोन वर्षांनी शिकवायला लागले. त्या शाळेत प्रत्येक वर्ग दोघांनी घ्यायचा असा नियम होता. एक शिकलेला आणि एक भोगलेला. शिकलेल्या म्हणजे केतकी दामले मॅडम, मानसशास्त्रातल्या मोठ्या पदवीच्या, वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. भोगलेली म्हणजे मी. माझ्या ओळखपत्रावर ‘स्वानुभवी प्रशिक्षक’ असं छापलं होतं. ते ओळखपत्र मी भाजी आणायला जातानासुद्धा गळ्यात घालत असे. हसायचं तर हसा.

तो खुणांचा कागद म्हणजे आमच्या शाळेचा मोठा अभिमान. आजार परत यायला लागला की आपल्याला आधी काय काय होतं, ते ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहायचं. पाच खुणा. एक प्रत आमच्याकडं, एक घरी. वर्गात कुणी काही वेगळं बोललं की बाकीच्यांनी ‘कितवी खूण’ म्हणून विचारायचं आणि त्यानं न लाजता सांगायचं. ही ओरडायची युक्ती माझी. बालवाडीतली सवय, दुसरं काय.

सारिका तेरदाळे वर्गात आली तेव्हा तेहतीस वर्षांची होती. मागाच्या कारखान्यात मशीनवर सुताच्या कांड्या भरायचं काम करायची. बाळंतपणानंतर तिचं बिनसलं होतं, त्यातून ती चांगली बाहेर आली होती. स्वतःची गोळी स्वतः घ्यायची, रोज रात्री जेवल्यावर एक. बोलायला चुरचुरीत. तिच्या कागदावरची तिसरी खूण, ‘मोठ्यानं बोलते’, वाचून मी दामले मॅडमना म्हणाले होते, “अहो, या गावात मागाशेजारी हळू बोलणारा माणूस पाणीसुद्धा मागू शकत नाही. ही कसली खूण?” पण सारिकाच्या सासूनं ती आग्रहानं लिहायला लावली होती, आणि घरच्यांचंही ऐकायचं असा आमचा नियम होता. राहिली ती खूण तशीच.

त्या टाळ्यांच्या शनिवारनंतर सारिका दोन वर्ग आली नाही. तिसऱ्या शनिवारी आली ती भिंत धरत. खुर्चीत बसली आणि बसल्याजागी झोपली. लाळ गळत होती. मी उठवलं तर जीभ जड, शब्द अर्धे.

“काय गं हे? रात्री झोपली नाहीस का?”

“झोपतेच आहे, बाई. सारखी झोपतेय. चहा पितेय की मी. तुम्ही सांगितलासा तसं.”

मग रडतरडत तिनं सांगितलं, की सोमवारी कांडीच्या मशीनवर डुलकी लागली, बोट सापडलं. नख गेलं, बोट वाचलं. मालक म्हणाला, तू घरी बस बाई, माझ्या जिवाला घोर नको. नोकरी गेली. आणि येत्या गुरुवारी मिरजेच्या डॉक्टर मॅडम महिन्याच्या तपासणीला शाळेत येतील तेव्हा नवरा आणि सासू तिला भरती करा म्हणून सांगणार आहेत.

“कशासाठी?”

“मी परवा चहा ओतून दिला मोरीत. ओरडले पण. त्यांनी कागदावर खूण केली. रोज करतात. कागद फ्रिजवर लावलाय.” ती माझ्याकडं बघत राहिली. “भरती झाले तर पोरगी माझी परत माझ्याजवळ झोपणार नाही, बाई. मागच्या बारीला चार महिने वळखत नव्हती.”

मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, मला अजूनही वाटत होतं की बाई घसरायला लागली आहे. आमच्याकडं अशा वेळी करायचा एक धडा होता: संशय आला की त्याच्याशी भांडायचं नाही, त्याला तपासायचं. मी म्हणाले, “मी तुझ्या घरी येते. चहा आपण दोघी मिळून तपासू. मग तुझ्या मनातलं जाईल.” अगदी याच शब्दांत म्हणाले. तिच्या मनातलं जाईल म्हणून.

मंगळवारी चार वाजता गेले. घर स्वच्छ, फरशी पुसलेली. फ्रिजवर तो कागद, आणि प्रत्येक खुणेपुढं लाल पेनानं बरोबरच्या रेघा. पहिल्या खुणेपुढं तर जागाच उरली नव्हती. सारिकाचा नवरा बाबासो दुसऱ्या पाळीला जायच्या तयारीत होता. सासूला सगळे आक्काताई म्हणत. बोलायला गोड होत्या.

“या की बाई. बसा. तुमच्या शाळंमुळं लई सुधारणा आहे बगा. पूर्वी कशी, शब्दाला शब्द. आता गप असत्या.”

“गप असते की झोपते?”

“झोपंनंच तर माणूस बरं हुतंय.”

त्या चहा घेऊन आल्या. ताटलीत तीन कप. दोन पांढरे, एक निळ्या काठाचा. पांढरा माझ्यापुढं ठेवला, दुसरा लेकापुढं, आणि निळा सारिकाच्या हातात दिला. सारिकानं माझ्याकडं बघितलं.

मी हसून म्हणाले, “हे बघ सारिका. आण तो इकडं. आज तुझा चहा मी पिते, माझा तू पी. म्हणजे झालं की नाही?”

“अहो नको, नको बाई!” आक्काताईंचा हात असा झपकन पुढं आला की ताटली खाली पडली. “तिला साखर जास्त लागती. तुमाला गोड हुईल ते!”

“होऊ दे की गोड. मला गोड चालतं.” मी घोट घेतला. चांगला मोठा घेतला, वर्गात धडा देतात तसा, सारिकाला दिसेल असा.

आलं होतं, साखर होती, भरपूर होती. आणि त्या दोघांच्या खाली ते होतं. आधी जिभेच्या मागं कडू. मग जिभेचं टोक बधिर. दातावरून फिरवली तर ती माझी वाटेना. ती एक जुनी, स्वस्त गोळी आहे. हल्लीचे डॉक्टर सहसा देत नाहीत. मला ती चव झोपेत कुणी विचारली तरी सांगता येईल.

मी कप खाली ठेवला.

“काय घालता तुम्ही यात?”

“आलं,” आक्काताई म्हणाल्या.

“आक्काताई, माझी जीभ बधिर झालीय. आल्यानं बधिर होत नाही. काय घालता?”

“आवो, काय बोलालाय तुम्ही! एवढ्या शिकवणाऱ्या बाई, आनि हिच्या नादाला लागून…”

बाबासो उठून चप्पल शोधायला लागला होता. मी त्याच्याकडं वळले. “तुम्हाला माहीत आहे का?” त्यानं मान वर केली नाही. त्या वर न केलेल्या मानेतच मला उत्तर मिळालं. मग मी बोलले. काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही, पण शेजारची दोन दारं उघडली एवढं आठवतं. सारिका मात्र रडली नाही, ओरडली नाही. ती मोरीत गेली आणि उलटी काढायचा प्रयत्न करायला लागली, घशात बोटं घालून. ते बोट अजून पट्टीतलं होतं.

बुधवारी मी शाळेचे प्रमुख कुलगुडे सर यांच्यापुढं उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, “उद्या बैठकीत बघू.”

गुरुवारी दुपारी बैठक. टेबलाच्या त्या बाजूला कुलगुडे सर, दामले मॅडम आणि मिरजेहून आलेल्या डॉक्टर मुजावर. या बाजूला बाबासो, आक्काताई आणि मध्ये सारिका. माझी खुर्ची भिंतीला होती. त्या दिवशी ती तिथं कुणी लावली कोण जाणे, एरवी मी दामले मॅडमच्या शेजारी बसत असे.

आक्काताईंनी फ्रिजवरचा कागद आणला होता. टेबलावर पसरला. “बगा साहेब. तिनंच लिहिलंय, आमी न्हवं. संशय रोज. खाणं-पिणं टाकतीया. वरडतीया. तुमीच शिकवलंय, खुणा दिसल्या की कळवा. आमी कळवतोय.”

एकाही शब्दावर बोट ठेवता येत नव्हतं. सगळं आमच्याच पाठातलं होतं.

डॉक्टरांनी भरतीची चिठ्ठी पुढं ओढली होती. मी म्हणाले, “सर, मी काल सांगितलं ते आधी डॉक्टरांना सांगा.”

कुलगुडे सर घसा खाकरत म्हणाले, “हो. मगदूमबाईंचं म्हणणं आहे की चहात काही औषध असावं. त्यांना चवीवरून तसं वाटलं.”

“वाटलं नाही. होतं.”

“आमी काय बी घालत न्हाई,” आक्काताई म्हणाल्या. “पोराची शपथ.” आणि त्यांनी खरंच बाबासोच्या डोक्यावर हात ठेवला. बाबासो टेबलाकडं बघत राहिला.

“हे बघा बाई,” सर म्हणाले, “त्या म्हणतात नाही. तुमच्याकडं पुरावा काही नाही. चव म्हणजे… आणि समजा, समजा हं, प्रेमापोटी काही दिलं असेल, तरी घरच्यांचा हेतू वाईट नसतो. आपल्याला घरचे तोडायचे नाहीत. उद्या हिला सांभाळणार कोण?”

माझी कानशिलं तापली. “सांभाळणार? बोट मशीनमध्ये गेलंय तिचं! नोकरी गेलीय! आणि तिला विचारल्याशिवाय तिच्या पोटात गोळी गेली तर त्याला तुम्ही प्रेम म्हणता? तुमच्या डब्यात उद्या कुणी प्रेमापोटी गोळी कुटून घातली तर, सर?”

“मगदूमबाई, आवाज.”

“आवाज काय आवाज! खाली माग चालू आहेत!”

“पाणी घ्या.”

“मला पाणी नको!”

सर माझ्याकडं बघून मंद हसले. त्या हसण्याचा राग मला अजून येतो. मग आजारी माणसाशी बोलतात तसे ते बोलले. “बाई, तुमची झोप कशी आहे हल्ली? गोळ्या वेळेवर चालू आहेत ना? नाही, तुमच्या कागदावर आहे, लवकर चिडते म्हणून. मला काळजी वाटली म्हणून विचारलं.”

दामले मॅडमनी नखाकडं बघायला सुरुवात केली. मी सगळ्यांकडं बघितलं. तीन वर्षं मी या माणसांबरोबर काम केलं होतं. पोलिसांना, नर्सबाईंना, मास्तरांना शिकवलं होतं की आमच्यासारख्यांचं बोलणं ऐका. त्या प्रत्येक वर्गात हे सर पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते.

“परवा लाईट गेली तेव्हा तुम्ही वायरमनला आईवरून शिवी दिलीत,” मी म्हणाले. “मी तिथंच होते. तुमची झोप कुणी विचारली, सर? तुमच्या रागाला राग म्हणायचं आणि माझ्या रागाला लक्षण, हा न्याय कुठल्या पुस्तकातला?”

“हे बघा, हेच मी म्हणतोय,” सर डॉक्टरांकडं वळून हळूच म्हणाले.

मला कळलं की आता मी जेवढं बोलेन तेवढी सारिका बुडेल. मी गप्प बसले. जीभ दाताखाली धरून बसले. त्या गप्प बसण्याइतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही.

डॉक्टर मुजावरांनी चिठ्ठीवर नाव लिहायला घेतलं. तेव्हा सारिका बोलली. जिभेला जडपणा होता, पण शब्द कळत होते.

“मॅडम, दवाखान्यात गोळी कशी देत्यात?”

“म्हणजे?”

“हातावर देत्यात का? दाखवून? नाव सांगून?”

“हो. नर्स हातावर देते. कुठली आहे ते सांगते.”

“आणि मी नको म्हटलं तर?”

“तर मला बोलावतात. मी तुमच्याशी बोलते.”

सारिकानं मान हलवली. “मग मला भरती करा. मी सही करते. पोरगी लांब राहिली तरी चालंल. माझं पोट माझ्या ताब्यात राहील.”

डॉक्टर मुजावरांचा पेन थांबला. मला वाटतं त्यांच्या सगळ्या नोकरीत दवाखाना असा कुणी मागून घेतला नसेल. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून सारिकाजवळ आल्या. तिचा हात हातात घेतला, कोपरात वाकवला, सरळ केला, परत वाकवला. हात अडत अडत वाकत होता. जीभ बाहेर काढायला लावली. चालून दाखवायला लावलं. सारिका हात न हलवता, ताठ चालली.

“मी हिला जे औषध देते,” डॉक्टर म्हणाल्या, “त्यानं, त्या प्रमाणात, हात असे होत नाहीत.” मग बाबासोपुढं उभ्या राहिल्या. “तुमच्या आईंनी शपथ घेतली. मी तुमच्याकडून शपथ मागत नाही. गोळीचं नाव मागते. नाव कळलं नाही तर उद्या हिचा श्वास अडकला की मला कळणार नाही काय उतरवायचं.”

बाबासोनं शर्टाच्या खिशातून चिठ्ठी काढली. मळकी, घड्या पडून फाटलेली, आठ वर्षांपूर्वीची, बाळंतपणानंतर सारिकाला बघणाऱ्या जुन्या डॉक्टरची. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला अजून त्याच चिठ्ठीवर गोळी देत होता. “आई सकाळ-संध्याकाळ घालती,” तो म्हणाला. “खलबत्त्यात कुटून. मी नको म्हणालो होतो एकदा.”

“एकदा!” माझ्या तोंडून निघालंच.

आक्काताईंना लाज वाटली असेल असं वाटत असेल तुम्हाला. काही नाही. त्या पदर सारखा करत म्हणाल्या, “मग काय करायचं? ती गप असली की घर कसं देवळावाणी वाटतंय. कुणी कुणाला बोलत न्हाई.”

कुलगुडे सर म्हणाले, “हेतू…” आणि डॉक्टरांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. मला डॉक्टरांचं कौतुक वाटलं आणि त्याच वेळी संतापही आला. हे हात त्यांनी गेल्या महिन्यातही बघितले असते तर बोट सापडलं नसतं. तेव्हा घरच्यांनी सांगितलं, झोपत नाही, आणि यांनी लिहून घेतलं. सारिका शेजारी बसलेली असताना.

भरती झाली नाही. डॉक्टरांनी स्वतः सारिकाला विचारलं, कुठं राहायचंय. ती म्हणाली, हुपरीला, बहिणीकडं, पोरीला घेऊन. डॉक्टरांनी ते तसंच लिहिलं आणि बाबासोला खाली सही करायला लावली. त्यानं केली. त्याच्याबद्दल मला एवढंच चांगलं सांगता येतं.

बहीण शोभा तासाभरात आली. पोरीला शाळेतून परस्पर घेऊनच आली होती. ती रिक्षा बघायला खाली गेली. सारिका आणि मी जिन्यात उभ्या होतो. मला बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर मला जिंकल्यासारखं वाटत होतं. वर जाऊन सरांना आणखी काय काय सुनवायचं त्याची मनात जुळवाजुळव चालली होती.

“बाई,” सारिका म्हणाली, “एक विचारू? रागवू नका.”

“विचार की.”

“तुम्ही एकच घोट घेतलासा. आणि लगेच कळलं. म्हणजे तुम्हालाबी कुणीतरी असं घातलंय कधीतरी. दवाखान्यात गोळी गिळताना चव घोळवत बसत न्हाई कुणी.”

माझी गोष्ट मी शेकडो लोकांपुढं सांगितली होती. पोलिसांपुढं, कॉलेजातल्या पोरांपुढं, पुढाऱ्यांपुढं. त्यात हे कधीच सांगितलं नव्हतं. आई गेली होती, तिचं नाव कशाला खराब करायचं, असं मी स्वतःला समजावत असे.

“घातलंय,” मी म्हणाले. “आईनं. वरणात. सव्वा वर्ष.”

“तुम्हाला कळलं होतं?”

“पहिल्या दिवशीच.”

“कुणाला सांगितलासा?”

“सगळ्यांना. भावाला, काकांना, डॉक्टरला, शेजारच्या बायकांना. सगळे म्हणाले, हे तुझा आजार बोलतोय, गुमान जेव.”

सारिकानं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला सोसला असता. मी रागाला सरावलेली आहे. तसं काही नव्हतं. तिला खरोखरच कळत नव्हतं.

“सासूचं मी समजू शकते,” ती सावकाश म्हणाली. “तिला काय, घर गप पायजे. सरांचंबी समजतंय. त्यांनी कुठं पिलंय? पण बाई, तुम्ही माझ्यातल्या. तुम्हाला ठाऊक होतं. मग त्या शनिवारी मला ‘पी’ कसं म्हणालासा?”

खालून शोभानं हाक मारली. सारिका थोडा वेळ थांबली, उत्तर मिळेल म्हणून. मग भिंतीला हात लावत एकेक पायरी उतरून गेली.

ती पुन्हा आमच्या वर्गात आली नाही. हुपरीत चांदीच्या कामाला जाते असं कळलं, हात सुटले, पोरगी दहावीला आहे. त्या गुरुवारनंतर मी भांडून भांडून शाळेतला कागद बदलून घेतला. ‘कितवी खूण’ बंद केलं. आता कुणी संशय सांगितला की आधी कुणीतरी जाऊन तो खरा आहे का ते बघतं. कुलगुडे सरांशी मी वर्षभर बोलले नाही. लोक म्हणतात मगदूमबाईंनी केवढं मोठं काम केलं. मी ऐकून घेते.

सारिकाच्या प्रश्नाचं उत्तर मला जिन्यात उभी असतानाच ठाऊक होतं, फक्त तोंडातून निघालं नाही. त्या शनिवारी वर्गात मागच्या भिंतीला दोन पाहुण्या बसल्या होत्या. पुण्याहून शाळा बघायला आलेल्या, मोठ्या जागेवरच्या. आमच्यासारखी माणसं खरंच शिकवू शकतात का, ते बघायला आल्या होत्या. सारिका चहाचं बोलली तेव्हा त्यांनी आधी एकमेकींकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि वह्या उघडल्या. वरणाची ती चव त्या क्षणी माझ्या तोंडात आली होती. खरोखर आली होती. पण मला त्या दोघींना दाखवायचं होतं, की मी आता पेशंट राहिले नाही.

म्हणून मी सारिकाला तो चहा पाजला.